लाळेवरून सूज मोजता येते का?

प्रश्न : आईला (वय 58) पाच वर्षांपासून आमवात आहे. मागच्या महिन्यात तिचा सीआरपी (शरीरात सूज असली की रक्तात वाढणारं प्रथिन) 1.8 आला, या वेळी दुसऱ्या लॅबमध्ये 18. सांधे मात्र होते तसेच आहेत. सुया टोचून घेऊन ती कंटाळली आहे. लाळेची तपासणी निघाली आहे म्हणतात, ती चालेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आधी दोन्ही रिपोर्टांवर आकड्यापुढचं एकक वाचा. काही लॅब सीआरपी प्रति डेसिलिटर मिलिग्रॅममध्ये देतात, काही प्रति लिटर. डेसिलिटरचे 1.8 म्हणजे लिटरचे 18. तसं असेल तर काहीच बदललेलं नाही.

एकक सारखंच निघालं, तर त्या आठवड्यात ताप, लघवीला जळजळ, दाढदुखी असं काही झालं होतं का ते आठवा. सीआरपी यकृतात बनतो. संसर्ग झाला की सहा-आठ तासांत चढू लागतो, दोनेक दिवसांत सर्वांत वर जातो आणि कारण संपलं की दर 19 तासांनी निम्मा होतो. ईएसआर (तांबड्या पेशी नळीत किती वेगाने खाली बसतात ते पाहणारी, सुजेचीच दुसरी रक्ततपासणी) उतरायला आठवडे घेतो; ॲनिमिया असेल तर सूज नसतानाही वाढलेला दिसतो. टोसिलिझुमॅब या आमवातावरच्या औषधाचं इंजेक्शन चालू असेल तर सीआरपी दबलेलाच राहतो, अगदी न्यूमोनिया झाला तरी. तेव्हा ‘सीआरपी नॉर्मल आहे’ म्हणून ताप अंगावर काढू नये.

आता लाळ. रक्तात मिलिग्रॅममध्ये मोजला जाणारा सीआरपी लाळेत नॅनोग्रॅममध्ये असतो, आणि तोही बराचसा हिरड्यांच्या फटीतून झिरपून आलेला. ब्रश करताना हिरडीतून रक्त आलं की आकडा फुगतो. इंटरल्युकिन-1 बीटा आणि एमएमपी-8 ही लाळेतली सुजेशी संबंधित प्रथिनंही सांध्यांपेक्षा हिरड्यांचीच हकीकत जास्त सांगतात. आमवाताच्या काही रुग्णांचं तोंड कोरडं पडतं. त्यांची पुरेशी लाळ जमतच नाही. म्हणून औषधाचा डोस ठरवायला रक्तच द्यावं लागेल.

एखाद्या संशोधनासाठी लाळ मागितली, तर तासभर आधी खाणं, चहा, ब्रश बंद. चूळ भरून दहा मिनिटं थांबायचं, मग मान खाली घालून लाळ आपसूक नळीत ओघळू द्यायची, एक-दोन मिलिलिटर. खाकरून थुंकायचं नाही, कफ मिसळतो. कापसाचा बोळा टाळावा, काही प्रथिनं त्यालाच चिकटून बसतात. नळी लगेच बर्फात ठेवायची.

आईच्या हिरड्यांतून रक्त येत असेल तर पुढच्या रक्त तपासणीआधी दंतवैद्याकडे न्या. हिरड्यांच्या जुनाट दाहानेही रक्तातला सीआरपी थोडा वर राहतो.