केमिस्ट फक्त गोळ्या काढून देतो, त्याला काय विचारायचं?

विचारा की! मी बडोद्याला दांडिया बाजारात केमिस्टच्या काउंटरवर बसतो. परवा एक काकू आल्या. थायरॉइडची गोळी नेमाने घेतात, तरी टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा, काही खाली येईना. दोन वाक्यांत उलगडा झाला: सकाळी त्याच घोटाबरोबर कॅल्शियमची गोळीही जात होती! कॅल्शियम थायरॉक्सिनला, म्हणजे थायरॉइडच्या गोळीतल्या औषधाला, अंगी लागू देत नाही, दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. डोस वाढवायच्या आधी हे डॉक्टरांना सांगा म्हटलं.

हे काम आता कागदावरही आहे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये रुग्णाचं समुपदेशन फार्मासिस्टकडेच दिलंय. २००८ पासून फार्मसीचा सहा वर्षांचा फार्म.डी. कोर्स आहे, त्यातली मुलं हॉस्पिटलात वॉर्डातून फिरतात. एच-१ या सरकारी यादीतल्या अँटिबायोटिक्सची तर डॉक्टर, रुग्ण, औषध आणि नग अशी नोंद ठेवावी लागते, तीही तीन वर्षं. म्हणून चिठ्ठीशिवाय नाही म्हटलं तर रागावू नका.

खरं सांगायचं तर संध्याकाळच्या गर्दीत आम्हालाही बोलायला सवड नसते, आणि कित्येक दुकानांत फार्मासिस्टचं लायसन्स तेवढं भिंतीवर असतं. दुपारी या, सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा.