वाचकांचे प्रश्न : परदेशातील कायम वास्तव्य आणि घरच्या ट्रंकेतले कागद

परदेशात नोकरी-शिक्षणासाठी गेलेल्या मुलांच्या कायम वास्तव्याविषयी, म्हणजे ज्याला सगळे 'पी.आर.' म्हणतात त्याविषयी, आपल्या भागातून बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील तीन पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्यातली अडचण आपल्या सीमाभागातील बहुतेक घरांची आहे.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझा मुलगा ज्ञानेश्वर बेळगावच्या उद्यमबागेतील एका कारखान्यात यंत्रांचे आराखडे करीत असे. जून 2024 मध्ये तो ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या परवान्यावर, जर्मनीत श्टुटगार्टजवळ नोकरीला गेला. तेथे कायम राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करावा असे त्याच्या मनात आहे. त्याच्या जन्मदाखल्यावरचे नाव पासपोर्टशी जुळत नाही आणि त्यात माझे नाव माहेरचे आहे. एका एजंटाने दाखल्यावर अपोस्टिलचा शिक्का आणून देण्याचे 18,000 रुपये सांगितले आहेत. ते द्यावेत का? यजमान वारल्यापासून मी एकटीच असते. परवाना मिळाल्यावर मुलगा मला तिकडे नेऊ शकेल का? सोबत कागदांच्या झेरॉक्स प्रती जोडल्या आहेत. (एक आई, खानापूर तालुका)

उत्तर : ताई, पैशांचे आधी सांगतो : ते देऊ नका. अपोस्टिल म्हणजे आपला सरकारी कागद दुसऱ्या देशात खरा मानला जावा यासाठी परराष्ट्र मंत्रालयातर्फे त्यावर लावले जाणारे प्रमाणपत्र. भारत 2005 मध्ये या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला, परंतु भारताच्या प्रवेशाला जर्मनीने हरकत नोंदवली आणि त्यामुळे आपल्या कागदांवरचे अपोस्टिल जर्मनीत धरले जात नाही. तेथील कार्यालयाला भारतीय जन्मदाखल्याची खात्री करायची असेल, तर ते भारतातील जर्मन वकिलातीकडे विचारणा करते, वकिलात आपल्या यादीतील वकिलाला नेमते आणि तो वकील ज्या कार्यालयात जन्माची नोंद झाली तेथे जाऊन मूळ नोंदवही पाहतो. वेळ पडली तर तो शाळेत आणि शेजारीपाजारीही चौकशी करतो. या कामाला काही महिने लागतात आणि त्यात एजंटाच्या शिक्क्याचा काडीचाही उपयोग होत नाही.

शिवाय ब्लू कार्डावर असलेल्या माणसाला कायम वास्तव्याच्या अर्जासाठी एरवी जन्मदाखला लागतच नाही. तेथे पाहिला जातो तो पासपोर्ट, चालू परवाना, नोकरीचा करार आणि पगारपत्रके, पेन्शन विम्यात भरलेल्या वर्गणीचा तपशील, आरोग्य विमा, घराचा भाडेकरार आणि भाषेचे प्रमाणपत्र. ब्लू कार्डवाल्यांसाठी नियम असा आहे की, जर्मन भाषा ए-1 म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीपर्यंत येत असेल तर नोकरीचे आणि पेन्शन वर्गणीचे 27 महिने पूर्ण व्हावे लागतात, आणि बी-1 म्हणजे मध्यम पातळीचे प्रमाणपत्र असेल तर 21 महिन्यांतच अर्ज करता येतो. जून 2024 पासून सलग नोकरी धरली, तर आपल्या चिरंजीवांचे 21 महिने मार्च 2026 मध्ये आणि 27 महिने सप्टेंबर 2026 मध्ये भरतात. बी-1 हाती असेल तर सहा महिने वाचतात हे खरे. पण माझ्या मते त्याहून मोठा लाभ असा की, पुढे नागरिकत्वाचा किंवा नोकरी बदलण्याचा विचार आला तर तीच पातळी कामी येते. त्यांनी रोज संध्याकाळचा तासभर भाषेला द्यावा, असे आपणच त्यांना सांगा.

जर्मनीचा कायदा आणि समाजव्यवस्था यांची प्राथमिक माहिती असल्याचाही पुरावा द्यावा लागतो. त्यासाठी 33 प्रश्नांची एक तासाची परीक्षा असते. प्रश्न 310 प्रश्नांच्या जाहीर संचातूनच काढले जातात, त्यामुळे महिनाभराचा अभ्यास पुरतो. मात्र परीक्षेची तारीख लवकर मिळत नाही, म्हणून नावनोंदणी आधीच करावी. अर्ज त्यांच्या गावातील परकीय नागरिक कार्यालयात करायचा असतो आणि तो हातातील परवान्याची मुदत संपण्यापूर्वीच गेला पाहिजे. मुदतीत अर्ज केलेला असला, तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू असल्याचे धरले जाते आणि नोकरी थांबत नाही. मुदत टळल्यावर केलेल्या अर्जाला हे संरक्षण नसते.

आता नावांकडे येतो. वर जन्मदाखला लागत नाही असे लिहिले, ते फक्त या एका अर्जापुरते. त्यांनी तेथे लग्न केले, मूल झाले, नागरिकत्व मागितले किंवा आपल्याला तिकडे नेण्याचे ठरवले, की हाच दाखला सर्वांत आधी मागितला जाईल.

आपण पाठवलेल्या प्रती समोर ठेवून पाहिल्या. मूळ नोंद हाताने, कन्नडमध्ये लिहिलेली आहे. पुढे त्या नोंदीवरून कन्नड-इंग्रजी दाखला काढताना कारकुनाने कन्नड उच्चार धरला आणि नावाची सुरुवात जे-एन या अक्षरांनी केली; एस.एस.एल.सी.च्या, म्हणजे दहावीच्या, गुणपत्रिकेवरही तेच उतरले. पासपोर्ट काढताना मात्र चिरंजीवांनी घरच्या मराठी उच्चाराप्रमाणे डी-एन-वाय असे लिहिले. आपल्याला दोन्हींत एकच ज्ञानेश्वर दिसतो, कारण ज्ञ हे अक्षर मराठी माणूस कसे म्हणतो आणि कन्नड माणूस कसे म्हणतो हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण श्टुटगार्टच्या कारकुनाला ही दोन वेगळी माणसे वाटली, तर त्याला दोष देता येणार नाही. त्यातच आपल्या रीतीप्रमाणे पासपोर्टवर मुलाच्या नावापुढे वडिलांचेही नाव आहे, जे जर्मनीत मुलाचेच दुसरे नाव म्हणून वाचले जाते. जन्मदाखल्यावर मात्र नुसते एकच नाव आहे.

आपल्या स्वतःच्या नावाचा पेच अधिक नाजूक आहे. पहिले बाळंतपण माहेरी झाले, नोंद आपल्या वडिलांनी घातली आणि त्यांनी लेकीचे नाव जे तोंडात होते तेच सांगितले. लग्नात आपले नाव बदलले होते, आणि पासपोर्ट, आधार, रेशन कार्ड या सगळ्यांवर ते सासरचे नाव आहे. म्हणजे ज्या बाईने या मुलाला जन्म दिला आणि जी बाई त्याच्याकडे जाण्यासाठी व्हिसा मागणार, त्या दोघी कागदोपत्री वेगळ्या ठरतात. आपल्या पिढीतील हजारो स्त्रियांची हीच स्थिती आहे आणि त्यात त्यांची काहीही चूक नाही, हे मला मुद्दाम लिहावेसे वाटते.

यावर नोटरीपुढचे प्रतिज्ञापत्र हा सोपा उपाय म्हणून सांगितला जातो. जर्मनीच्या बाबतीत त्यावर विसंबू नये, कारण पडताळणीला येणारा वकील नोंदवही पाहतो, प्रतिज्ञापत्र नव्हे. दुरुस्ती नोंदीतच झाली पाहिजे, आणि जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 च्या कलम 15 मध्ये तशी सोय आहे. मूळ अक्षराला हात न लावता समासात दुरुस्तीची नोंद घालून निबंधक तीवर सही करतो आणि पुढच्या दाखल्यात ती दुरुस्ती येते. अर्ज खानापुरात नव्हे, तर ज्या गावी जन्म नोंदला गेला, म्हणजे आपल्या माहेरच्या कार्यालयात करावा. सोबत आपला शाळा सोडल्याचा दाखला, मुलाचा पासपोर्ट व गुणपत्रिका, यजमानांचा मृत्युदाखला, वारसा दाखला आणि जपून ठेवली असेल तर लग्नपत्रिका जोडावी. माहेर-सासरची दोन्ही नावे एकाच कागदावर असलेला कोणताही जुना पुरावा येथे सोन्यासारखा आहे. मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर आधीच करून घ्या, आणि दुरुस्त दाखला कन्नड-इंग्रजी असाच मागा. जुन्या कन्नड नोंदीचे जर्मन भाषांतर करून देणारा शपथबद्ध भाषांतरकार सहजासहजी सापडत नाही. (ज्यांचे माहेर चंदगड तालुक्यात आहे त्यांची नोंद महाराष्ट्रात मराठीतून झालेली असते. कायदा तोच, कार्यालय मात्र तिकडचे.)

आपल्याला तिकडे नेण्याविषयी. ज्यांना ब्लू कार्ड किंवा कुशल कामगाराचा परवाना 1 मार्च 2024 रोजी किंवा त्यानंतर पहिल्यांदा मिळाला, त्यांच्या आई-वडिलांना वास्तव्याचा परवाना देता येईल अशी तरतूद जर्मनीने केली आहे. चिरंजीव जूनमध्ये गेले, म्हणजे त्यांचे पहिले कार्ड या तारखेनंतरचेच असणार आणि वाट मोकळी आहे. परंतु हा हक्क नसून अधिकाऱ्याच्या विचाराधीन असलेली गोष्ट आहे. मुलाच्या उत्पन्नात आपला खर्च भागला पाहिजे आणि आपला पूर्ण आरोग्य विमा असला पाहिजे. खरी अडचण या विम्याचीच आहे, कारण तेथील सरकारी विम्यात नोकरदाराच्या पत्नी-मुलांचा समावेश होतो, आई-वडिलांचा होत नाही. प्रवासी विमाही चालत नाही, आणि उतारवयात खासगी विम्याचा हप्ता फार पडतो. चिरंजीवांनी हा आकडा आधी काढावा आणि मगच आपल्याशी पुढचे बोलावे. व्हिसाचा अर्ज आपल्याला बंगळूरच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत करावा लागेल. शिनोळीपलीकडच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या, लोकांना मुंबई, आपल्याला बंगळूर.

आणि आपण तिकडे जाण्याऐवजी त्यांनाच काही काळ इकडे यावे लागले तर? एरवी जर्मनीचा कायम परवाना असलेला माणूस सलग सहा महिन्यांहून अधिक बाहेर राहिला तर परवाना जातो. ब्लू कार्ड हाती असेपर्यंत मात्र ही मुदत 12 महिन्यांची आहे. आपल्या आजारपणात मुलाला जवळ राहता येईल की नाही ही काळजी आपल्या पत्रात लिहिलेली नसली तरी ओळींमधून दिसते, म्हणून हे सांगितले.

प्रश्न : माझी मुलगी कॅनडात ऑन्टारिओत शिकली आणि आता तेथेच वर्षभर नोकरी करीत आहे. तिने बी.ई. बेळगावच्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाकडून केले. पी.आर.साठी पोलिसांचा दाखला आणि विद्यापीठाच्या गुणपत्रिका आणायला तिला भारतात यावे लागेल का? (वाचक, निपाणी)

उत्तर : यावे लागणार नाही. ज्या देशात गेल्या 10 वर्षांत सलग सहा महिने किंवा अधिक राहणे झाले, त्या प्रत्येक देशाचा पोलीस दाखला कॅनडा मागतो, आणि भारताचा दाखला तिला तेथील भारतीय दूतावासामार्फत मागता येतो. पडताळणी मात्र पासपोर्टवरच्या पत्त्यावर, म्हणजे निपाणीच्या ठाण्यातून होण्याची शक्यता असते. हवालदार घरी आले तर घाबरू नये आणि तिचे जुने कागद हाताशी ठेवावेत. कॅनडाबाहेरच्या पदवीचे मूल्यांकन करून घेतले तर पी.आर.च्या निवडीत तिचे गुण वाढतात आणि त्यासाठी विद्यापीठाकडून गुणपत्रिका मागवाव्या लागतात. विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावजवळ मच्छे येथेच असल्याने हे काम आपण स्वतः मार्गी लावू शकाल. ज्यांनी जुन्या काळी कला-वाणिज्याची पदवी घेतली, त्यांना मात्र धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे जावे लागते, कारण बेळगावचे राणी चन्नम्मा विद्यापीठ 2010 मध्ये स्थापन झाले.

घाई कोठे करावी ते सांगतो. एक्स्प्रेस एन्ट्रीतून, म्हणजे कॅनडाच्या गुणांवर आधारलेल्या पी.आर. निवडपद्धतीतून, अर्जाचे निमंत्रण आले की संपूर्ण अर्ज भरायला 60 दिवस मिळतात, आणि एवढ्या दिवसांत भारतातून कागद येतीलच असे नाही. म्हणून निमंत्रणाची वाट न पाहता सगळे आत्ताच जमवावे. इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षेच चालतो, त्याची तारीख पाहून ठेवावी. कन्नड किंवा मराठी कागदाचे भाषांतर घरच्या माणसाने केलेले चालत नाही. जन्मदाखल्यावर 'तालुका चिकोडी, जिल्हा बेळगाव' असे आणि आधारवर 'तालुका निपाणी, जिल्हा बेळगावी' असे असेल तर चिंता नको. निपाणी नंतर वेगळा तालुका झाला आणि जिल्ह्याचे अधिकृत नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून बदलले, एवढे खुलासापत्रात लिहावे. अर्जात मात्र जन्मस्थान पासपोर्टवर छापले आहे तसेच भरावे.

प्रश्न : मुलगा परदेशात पी.आर. झाला तर शेताच्या उताऱ्यावरून त्याचे नाव जाते का? (शेतकरी, बेळगाव तालुका)

उत्तर : जात नाही. पी.आर. म्हणजे परदेशात राहण्याचा परवाना. त्याने भारतीय नागरिकत्व आणि पासपोर्ट दोन्ही कायम राहतात. परदेशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले तरच नागरिकत्व अधिनियम, 1955 च्या कलम 9 प्रमाणे आपले नागरिकत्व संपते, आणि तेव्हाही वारसाहक्काने आलेली शेती त्याला ठेवता येते. परदेशात वास्तव्य असताना नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, एवढे बंधन आहे. वारसा नोंद करायची राहिली असेल तर ती आत्ता करून घ्या. त्यासाठी मुलाला येता येत नसेल तर त्याने तेथील भारतीय दूतावासात सही करून मुखत्यारपत्र पाठवावे, आणि ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर आपल्याकडचे मुद्रांक शुल्क भरावे.