पिल्लं कवचातच का मेली?

प्रश्न : थर्माकोलच्या खोक्यात दोन बल्ब आणि पंखा लावून 20 गावठी अंडी उबवायला ठेवली. 21व्या दिवशी कवचं टोचलेली दिसली, पण पिल्लं आतच मेली. काय चुकलं?
– एक वाचक, जुन्नर

उत्तर : झाकण किती वेळा उघडलंत, ते लिहिलंच नाहीत! माझी पहिली खेप अशीच गेली. दर तासाला डोकावायचो. दमट हवा निघून जाते, आतला पापुद्रा वाळून पिल्लाला चिकटतो, मग त्याला फिरताच येत नाही. 18व्या दिवसानंतर अंडी फिरवू नका, पाण्याचं पसरट भांडं वाढवा, आर्द्रता 65 ते 70 टक्के ठेवा. आधी 50च्या आसपास पुरते. तापमान 37.5 अंश, थर्मामीटर मात्र अंड्यांच्या उंचीला. हवेची भोकं बुजवू नका. आणि खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसणारी, कोंबडी मिळालीच, तर खोकं खुशाल माळ्यावर टाका.