माजलेल्या पायवाटा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या गावामागून सड्यावर (जांभ्याच्या पठारावर) जाणारी जुनी पायवाट आहे. पूर्वी गुरे घेऊन आणि लाकूडफाट्यासाठी लोक तिने जायचे. आता पावसाळ्यानंतर छातीइतके गवत नि रानमोडीची झुडपे माजतात आणि अर्ध्यावर वाटच नाहीशी होते. कधी जावे, आणि वाट ओळखावी कशी?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : आधी महिना ठरवा. ऑक्टोबरात गवत सर्वांत उंच आणि ओलेही असते, तेव्हा घाई करू नका. डिसेंबरच्या मध्यापासून ते वाळून आडवे पडू लागते. काजूच्या बागांतून जाणाऱ्या वाटा तर जानेवारी-फेब्रुवारीत बऱ्याचशा मोकळ्या होतात, कारण बोंडू वेचायचे म्हणजे झाडाखालची झुडपे आधी बेणावी लागतात. पुढे कडक उन्हात सड्यावरचे गवत क्षणात पेट घेते, तेव्हा मार्चनंतर दुपारी तिथे थांबू नये.

जुनी वाट डोळ्यांना दिसण्याआधी पायांना कळते. वर्षानुवर्षे तुडवलेली माती गवताखालीही घट्ट राहते. एक पाऊल बाजूला टाकलेत की जमीन मऊ लागते. उघड्या जांभ्यावर वाट गुळगुळीत आणि किंचित खोलगट झालेली असते. उतारावर तिचाच ओघळ झालेला असतो, म्हणून तिथे माती कमी नि खडे जास्त. नंतर झुडपांची खोडे बघा. कमरेच्या आसपास तिरका, काळपट पडलेला कोयत्याचा घाव आणि त्याखालून फुटलेल्या दोन-तीन फांद्या दिसल्या, तर तिथून माणसे जात होती.

फसवतात त्या जनावरांच्या वाटा. गव्यांची वाट खाली छान रुंद असते, पण छातीच्या वरच्या फांद्या तशाच मिटलेल्या असतात. रानडुकराची वाट गुडघ्याएवढ्या बोगद्यासारखी. माणसाची वाट चढावर नागमोडी जाते आणि डोक्याइतकी मोकळी केलेली असते. ताजे शेण दिसले तर मोठ्याने बोलत चला, आणि गवा समोर आलाच तर त्याला जायला वाट ठेवून हळूहळू मागे सरा.

वाट हरवली की पुढे रेटू नका. एकाने शेवटच्या खात्रीच्या जागी उभे राहायचे, तिथून हलायचे नाही. दुसऱ्याने हाक ऐकू येईल इतक्याच अंतरात, साधारण पन्नास पावले, आधी समोर, मग डावीकडे, मग उजवीकडे जाऊन परत यायचे. तिन्हीकडे काही मिळाले नाही, तर आल्या वाटेने मागे फिरायचे. व्हाळ, म्हणजे ओढा, धरून खाली उतरण्याचा मोह होतो, पण सह्याद्रीतले व्हाळ धबधब्यांवरून उड्या घेतात आणि उतरणारा कड्यावर अडकतो. मोबाइलवर निघतानाच मार्गाची नोंद सुरू करा आणि नकाशा आधी उतरवून ठेवा. नेटवर्क नसले तरी जीपीएस चालते. दाट झाडीत मात्र ते दहा-वीस मीटर चुकू शकते, म्हणजे ते दिशेसाठी ठीक, पाऊल कुठे टाकायचे हे त्यावरून ठरवू नये. माजलेल्या वाटेवर तासाला एक किलोमीटर झाला तरी पुष्कळ. सकाळी सातला निघालात तर बाराला, पोहोचला असाल तिथून, परत फिरा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि झाडीत त्याआधीच अंधारते.

आणि चिऱ्याच्या खाणी. गोव्यातल्या सड्यांवर सापापेक्षा आम्हाला यांची धास्ती जास्त वाटते. चिरे काढून सोडून दिलेल्या खाणीची भिंत सरळ उभी असते. काठापर्यंत गवत येते, वरून वेली लोंबतात, आणि खाली पावसाचे गढूळ पाणी साठलेले. पडलेल्या माणसाला वर यायला ना पायरी, ना धरायला मूळ. खूण अशी, की रानात सरळ रेष नसते. गवताची कड एकाएकी काटकोनात वळलेली दिसली, किंवा जवळपास तांबड्या चुऱ्याचे आणि फुटक्या चिऱ्यांचे ढीग दिसले, तर थांबा. पाच फुटी काठी पुढे टेकवूनच पाऊल टाका. ओसाड घरांच्या आणि जुन्या कुळागरांच्या (सुपारीच्या बागांच्या) आसपास कठडा नसलेल्या विहिरी असतात, तिथेही हेच.

प्रश्न : आमच्या गटाला अशी एक वाट साफ करायची आहे. कोयता न्यावा की गवत कापायचे यंत्र? परवानगी लागते का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : जमीन कोणाची, हे आधी शोधा. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला आणि मोलेच्या अभयारण्यांत नुसते शिरायलाही वन खात्याची परवानगी लागते, आणि तिथे फांदी तोडणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. इतरत्र मालकाला किंवा कोमुनिदादीला (गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेला) विचारा. वाट देवराईतून जात असेल तर गावकऱ्यांच्या शब्दाबाहेर एक पानही तोडू नका.

यंत्र नकोच. जांभ्याचे खडे उडून डोळ्याला लागतात आणि रोपटी सरसकट कापली जातात. एक कोयता आणि कलमाची कात्री दोन-तीन जणांना पुरते. कोयतेवाल्यापासून बाकीच्यांनी तीन मीटर दूर राहावे. खोड जमिनीलगत आणि आडवे कापा. तिरके कापलेले बुंधे भाल्यासारखे टोकदार राहतात आणि घसरलेल्या माणसाच्या पोटरीत घुसतात. कापलेला पाला वाटेच्या खालच्या अंगाला टाका, वरच्या अंगाला टाकला तर पहिल्याच पावसात वाटेवर येतो. रुंदी एका माणसापुरती पुरे. जास्त उजेड पडला की रानमोडी दुप्पट जोराने येते.

ही रानमोडी कापून जात नाही, बुडख्यातून पुन्हा पाच-सहा फुटवे काढते. ऑगस्ट-सप्टेंबरात माती ओली असताना, फुलोऱ्याआधी मुळासकट उपटा. झाडांवर रंग फासू नका. खुणेला कापडाच्या चिंध्या बांधा आणि परतताना सोडून आणा.

प्रश्न : जळवा, गोचिडी, खाजकुयली आणि साप यांवर काय करावे?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : पूर्ण लांबीची पँट मोज्यात खोचा, बूट घोट्याच्या वरपर्यंतचे घ्या. जळू खेचू नका. तिच्या तोंडाशी नख सरकवा, सुटते. रक्त बराच वेळ वाहते, कारण तिच्या लाळेने ते गोठत नाही. साबणाने धुऊन कापड दाबून धरा.

गोचिडीकडे दुर्लक्ष नको. सत्तरी तालुक्यात २०१५ पासून गोचीड चावून होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत, आणि त्याचा हंगाम डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका वाटा मोकळ्या होण्याचा. पाल्यावर बसू नका, मेलेल्या माकडाजवळ जाऊ नका, तसे दिसल्यास आरोग्य केंद्राला कळवा. घरी येताच कपडे गरम पाण्यात टाका आणि काखा, जांघा, कानामागे तपासा. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. आठवडाभरात जोराचा ताप आला, तर रानात गेल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

खाजकुयलीच्या सोनेरी लवेच्या शेंगा हिवाळ्यात वाटेवर लोंबतात. लागली तर चोळू नका. चिकटपट्टी लावून उपटा, मग धुवा.

पावलांच्या धमक्याने बरेच साप दूर होतात, फुरसे मात्र जागचे हलत नाही. म्हणून हात टेकण्याआधी आणि दगड ओलांडण्याआधी बघा. चावलेच तर कापू, चोखू किंवा आवळून बांधू नका. तो अवयव हलू देऊ नका, अंगठी-कडे काढून घ्या आणि १०८ ला फोन करा. प्रतिविष बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) मिळते. चापडा या विषारी सापावर मात्र आपल्याकडचे प्रतिविष चालत नाही, त्यामुळे सापाचा दुरून फोटो घेता आला तर डॉक्टरांना उपयोग होतो. त्याला मारण्यात वेळ घालवू नका.