आधी गळती शोध, मग पाना उचल

अरे, गाडीखाली इंजिन ऑइलचा डाग दिसला म्हणून लगेच ऑइल सील (फिरत्या दांड्याभोवती तेल अडवणारी रबरी कडी) बदलायला धावू नकोस. तेल वरून ओघळतं, वाऱ्याने मागे पसरतं. थेंब पडतो तिथेच गळती असेल असं नाही. थंड इंजिन डिझेलने ब्रश मारून धू (रॉकेल आता मिळतंय कुठे!), पूर्ण कोरडं कर, साध्या टाल्कम पावडरीचा हात फिरव आणि १०-१५ किलोमीटर चक्कर मारून ये. पावडरीवरची ओली रेघ जिथून सुरू होते, तिथे चोर.

मारुती ८००सारख्या जुन्या गाडीत तो बऱ्याचदा टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या माथ्यावरचं झाकण) पॅकिंगपाशीच, म्हणजे त्याखालच्या रबरी पट्टीपाशीच सापडतो. जुनं रबर हातात पापडासारखं मोडेल. पॅकिंग बसतं ती जागा फडक्याने पूस, स्क्रूड्रायव्हरने खरवडू नकोस, ॲल्युमिनियमवर ओरखडे पडतात. बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळ. मी पहिल्यांदा "अजून एक पीळ" म्हणत आटे घालवले होते.

ब्रीदर पाइपही बघ, म्हणजे इंजिनच्या आतली हवा-वाफ बाहेर सोडणारी नळी. तो तुंबला तर आत दाब कोंडतो आणि नवं पॅकिंगही झिरपतं. आणि गाडीखाली शिरायचंच झालं, तर नुसत्या जॅकच्या भरवशावर नाही, स्टँड लावून.