हवामान बदलासाठी रस्ते अडवणाऱ्यांवर लोक इतके का चिडतात? मागणी तर सगळ्यांच्याच भल्याची असते ना?

मागणीवर नाही, अडवणुकीवर चिडतात. ब्रिटनमध्ये २०२१ साली ‘इन्सुलेट ब्रिटन’वाल्यांनी लंडनभोवतीचा एम-२५ महामार्ग अडवला. मागणी होती घरांना उष्णतारोधक आवरण घालून देण्याची, आणि अडकले कोण, तर कामावर निघालेले लोक. मागणीचा आणि त्या रस्त्याचा संबंधच लोकांना दिसला नाही. ‘एक्स्टिंक्शन रिबेलियन’ या तिथल्याच हवामान आंदोलकांच्या गटाने तर २०२३ उजाडताच असा सार्वजनिक खोळंबा बाजूला ठेवत असल्याचं जाहीर केलं.

आता आमच्याकडचं सांगतो. रावेर-यावल पट्ट्यात वादळानं केळी आडवी झाली होती. विम्यासाठी सावद्याजवळ रास्ता रोको झाला, तेव्हा मी एसटीत अडकलो होतो. मे महिना, पत्रा तापलेला, लोक वैतागलेले. तेवढ्यात एका शेतकऱ्यानं मोडक्या झाडाचा कच्चा घड खिडकीपाशी आणून दाखवला. चीक अजून गळत होता. कंडक्टरसकट सगळे गप्प झाले. शेजारच्या काकू म्हणाल्या, “बसू दे भाऊ त्यांना, आमचीबी बाग गेली.” रुग्णवाहिका आली तशी पोरांनी धावत वाट करून दिली.

खरं तर तेही हवामानाचंच आंदोलन होतं, फक्त कुणी तसं म्हणत नाही. माझं स्पष्ट मत आहे, रस्ता अडवायचाच तर अडकलेल्या माणसाला त्याचं स्वतःचं नुकसान त्यात दिसलं पाहिजे. आणि रुग्णवाहिका अडवणाऱ्याला माझा अजिबात पाठिंबा नाही, मागणी कितीही मोठी असो.