‘माझे हार्मोन कमी आलेत, मला मूल होईल ना?’

कुडाळ-मालवण भागातून माझ्याकडे येणाऱ्या नव्या लग्नाच्या मुलींचा हा प्रश्न आता रोजचाच झालाय. पूर्वी पाळी लांबली, अंगावर फार जातं, पोटात दुखतं म्हणून बायका यायच्या. आता तब्येत ठणठणीत, पाळी वेळेवर आणि हातात रिपोर्ट. ‘लेडीज पॅकेज’मध्ये एकदम दहा-बारा तपासण्या झालेल्या असतात, त्यातले एक-दोन आकडे ठळक छापून येतात आणि झोप उडते.

अशाच एकीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. वय सत्तावीस, लग्नाला दीड वर्ष, मुलाचा विचार सुरू करून आठ महिने झालेले. सोबत सासूबाई. बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, “बाई, हिच्यात काय कमी आसा ता सांगा.” मुलगी खाली बघत होती. तिनं कागद पुढे केला. प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भाशयाचं अस्तर गर्भासाठी तयार ठेवणारं हार्मोन, 0.4 आणि प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावरचं दूध तयार करायला लावणारं हार्मोन, 34. दोन्हींभोवती लाल पेनानं गोल. ते गोल तिनंच काढले होते, रात्री मोबाईलवर वाचत बसून. ‘प्रोजेस्टेरॉन कमी म्हणजे गर्भ टिकत नाही’ हे वाक्य तिच्या मनात पक्कं बसलं होतं आणि नवऱ्याला तिनं यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

मी आधी तारीख विचारली. रक्त दिलं त्या दिवशी पाळीचा कितवा दिवस होता? तिनं बोटं मोजली. चौथा.

इथेच अर्धं उत्तर होतं. पाळीच्या पहिल्या भागात प्रोजेस्टेरॉन एक नॅनोग्रॅमच्या आत असणं अगदी नॉर्मल आहे. बीजांड बाहेर पडलं की त्या जागी जी पिवळी ग्रंथी तयार होते, ती हे हार्मोन बनवते. मग आकडा तीनच्या वर जातो आणि आठवड्याभरात बहुतेकींचा पाच ते वीसच्या घरात असतो. चौथ्या दिवशी ती ग्रंथीच नसते, तर हार्मोन येणार कुठून? रिपोर्टच्या खाली बारीक अक्षरांत पाळीच्या टप्प्याप्रमाणे वेगवेगळ्या ओळी छापल्या होत्या. तिनं आपला आकडा नेमका उत्तरार्धाच्या ओळीशी ताडून पाहिला होता. लॅबच्या फॉर्मवर शेवटच्या पाळीची तारीख लिहायची जागा कोरीच होती. एवढे पैसे घेऊन तपासणी करायची आणि हा एक प्रश्न विचारायचा नाही, याचा मला खरोखर राग येतो.

इस्ट्रोजेनचंही तसंच. पाळीच्या सुरुवातीला एस्ट्राडायॉल, म्हणजे त्यातलं मुख्य इस्ट्रोजेन, साधारण 20 ते 80 पिकोग्रॅम असतं, बीजांड बाहेर पडण्याच्या आधी ते दोनशेच्या वर जातं. बीजांडाला बाहेर पडायचा इशारा देणारं एलएच तर त्या एक-दोन दिवसांत कित्येक पटींनी उसळतं. बीजांडाची वाढ करणारं एफएसएच दुसऱ्या ते चौथ्या दिवशी बघतात, तेव्हा ते बहुधा तीन ते दहाच्या दरम्यान असतं. एकाच बाईच्या एकाच महिन्यातले हे आकडे आहेत. हे मी कागदावर रेघ काढून दाखवत होते, तेवढ्यात सासूबाई, आमच्या काकी, मध्येच म्हणाल्या, “म्हणजे सुकतीक पाणी मापल्यानी आणि म्हणतत दर्या आटलो.” सुकती म्हणजे ओहोटी. जन्मभर खाडीत कालवं काढलेल्या बाईला हे माझ्यापेक्षा लवकर उमगलं.

प्रोलॅक्टिनचं कारण वेगळं निघालं. बाळंत नसलेल्या बाईत ते साधारण पंचवीसच्या आत असतं. ताण, दमछाक, नुकतंच झालेलं जेवण यांनीही ते थोडं वाढतं. ही पहाटे चारला उठून, एसटी पकडून, धापा टाकत लॅबमध्ये पोचली होती. शिवाय काही गोळ्या चालू आहेत का, असं विचारल्यावर तिनं पर्समधून ॲसिडिटीची पट्टी काढली. त्यात ॲसिडिटीच्या औषधाबरोबर डॉम्पेरिडोन हे मळमळीवरचं औषधही होतं. आपल्याकडे सर्रास घेतल्या जाणाऱ्या या जोडगोळीतल्या डॉम्पेरिडोननं प्रोलॅक्टिन वाढतं, आणि ती महिनाभर रोज घेत होती. गोळी आपल्या मनानं बंद करू नकोस, डॉक्टरांना ही पट्टी दाखव, एवढं मी सांगितलं. मी डॉक्टर नाही, औषधाचा निर्णय माझा नव्हे.

आणखी एक हिशेब मी प्रत्येकीला सांगते. रिपोर्टवरची मर्यादा निरोगी लोकांपैकी मधल्या 95 टक्क्यांवरून ठरवतात. म्हणजे शंभरातल्या पाच निरोगी बायका मर्यादेबाहेर येणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या बारा तपासण्या एकदम केल्या, तर धडधाकट बाईचाही एखादा आकडा ठळक छापून यायची शक्यता जवळपास निम्मी असते.

म्हणून आकड्याआधी मी पाळी विचारते. हिची पाळी 31-32 दिवसांनी, दर महिन्याला. 24 ते 38 दिवसांत नेमानं येणारी पाळी हीच बहुतेक वेळा हार्मोन आपापलं काम करताहेत याची मोठी खूण असते. पाळी तीन महिने आलीच नाही, बाळ नसताना स्तनातून दूध येतंय, हनुवटीवर राठ केस वाढताहेत, तर मात्र तपासणी हवीच, तीही डॉक्टर सांगतील त्या दिवशी.

मग मी काकींना बाहेर बसायला सांगितलं. आठ महिने का लागताहेत हे खरं तर तेव्हा कळलं. नवरा गोव्यात हॉटेलात कामाला. पंधरा दिवसांनी एकदा घरी येतो, एक रात्र राहतो. दिवस राहण्याची शक्यता बीजांड बाहेर पडण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस, एवढीच असते. हिच्या बाबतीत ते साधारण तेरावा ते अठरावा दिवस. कॅलेंडरवर दोघींनी मिळून खुणा केल्या. आठपैकी पाच महिने नवरा त्या दिवसांत घरी नव्हताच. आणि दोष शोधायला सगळे निघाले होते हिच्या रक्तात.

डॉक्टरांनी ॲसिडिटीची गोळी बदलून दिली आणि प्रोजेस्टेरॉन पुढची पाळी अपेक्षित होती त्याच्या सात दिवस आधी, म्हणजे पंचविसाव्या दिवशी, पुन्हा बघितलं. ‘एकविसावा दिवस’ सगळीकडे सांगतात, पण तो 28 दिवसांच्या पाळीचा हिशेब आहे. आकडा आला 11. प्रोलॅक्टिन, त्याच सकाळी अर्धा तास शांत बसवून घेतलेलं, 17.

पुढच्या वेळी नवराही आला होता. लाजत होता, पण बसला. दोघांच्या सुट्ट्या त्या दिवसांशी कशा जुळवायच्या, ते त्यानं स्वतःच मोबाईलवर लिहून घेतलं. वर्ष पूर्ण होऊनही दिवस राहिले नाहीत तर पहिली तपासणी वीर्याची, असं डॉक्टरांशी ठरलंय, आणि ते त्यानं घरी आईला स्वतः सांगितलं.